संक्षेप आणि श्रवण : बिनतारी सुराची कथा

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत, वाराणसी येथे स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल महोत्सव समितीचा मी मनःपूर्वक आभारी आहे. शाळा सोडल्यानंतर मी काशीस गेलो व तेथेच स्थिरावलो. ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय असल्यामुळे आजचा विषयही त्याच क्षेत्रातला निवडला आहे. तार नसलेले इअरफोन आज घरोघरी आले आहेत. खिशातल्या फोनमधून निघालेला सूर हवेतून कानापर्यंत पोचतो, आणि तो पुष्कळदा इतका सुरेख असतो की मध्ये काही घडले असेल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात मध्ये पुष्कळ काही घडलेले असते. मूळ ध्वनीतील बराचसा तपशील वाटेतच गाळलेला असतो. काय गाळायचे आणि काय ठेवायचे हे कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, आणि त्यात आपला वाटा किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वरवर यंत्रांचा दिसतो. परंतु तो मुळात ऐकण्याचा आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर, म्हणजे सीडीवर, ध्वनी अंकांच्या रूपात नोंदलेला असतो. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मापन १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर, लिहिले जाते. डाव्या व उजव्या अशा दोन्ही कानांसाठी हे करावे लागते. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एका तासाच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आता दुसरी बाजू पाहा. ब्लूटूथ या बिनतारी पद्धतीचा मूळ वेग सेकंदाला १० लाख बिट इतकाच होता, आणि त्यातलाही काही भाग दोन यंत्रांच्या आपापसांतील निरोपांत खर्ची पडत असे. म्हणजे सीडीवरील ध्वनी जसाच्या तसा त्या वाटेने जाणे शक्यच नव्हते. काशीच्या गल्लीतून हत्ती न्यायचा असेल तर गल्ली तरी रुंद करावी लागते किंवा हत्ती तरी लहान करावा लागतो! येथे दुसराच मार्ग पत्करावा लागला. तंत्रज्ञ त्याला ऑडिओ कॉम्प्रेशन म्हणतात. आपण त्याला ध्वनिसंक्षेप म्हणू.

संक्षेपाची विद्या काशीला नवी नाही, आणि काशीतल्या मराठी माणसाला तर मुळीच नाही. महाराष्ट्रातील विद्वान घराणी अनेक शतके तेथे नांदली. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट त्याच परंपरेतले. त्याच काशीत अठराव्या शतकात नागेशभट्ट, म्हणजे नागोजीभट्ट काळे, हे थोर वैयाकरण होऊन गेले. त्यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात प्रसिद्ध केले. या ग्रंथाच्या शेवटी एक वचन येते. त्याचा आशय असा, की सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो. पाणिनीने सगळे स्वर ‘अच्’ या एका प्रत्याहारात आणि सगळी व्यंजने ‘हल्’ या दुसऱ्या प्रत्याहारात बसवली. संस्कृत भाषेचे अफाट व्याकरण सुमारे ४,००० सूत्रांत मावले. आणि ज्याला सूत्रे उलगडण्याची रीत ठाऊक आहे, त्याला त्यातून सर्व काही परत मिळते. काहीही हरवत नाही.

ध्वनीच्या क्षेत्रातही असा हानिरहित संक्षेप आहे. २००१ साली सर्वांसाठी खुला झालेला ‘फ्लॅक’ हा प्रकार संगीताची फाइल साधारणपणे निम्म्या ते दोन-तृतीयांश आकारात बसवतो, आणि ती उलगडली की मूळ ध्वनी अंकाअंकाने जसाच्या तसा मिळतो. परंतु ही बचत दर क्षणी सारखी नसते. एकट्या बासरीचा आलाप पुष्कळ आक्रसतो, तर झांजा-ढोलांचा गजर फारसा आक्रसत नाही. बिनतारी वाटेला मात्र दर सेकंदाचे ओझे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून शास्त्रज्ञांना आणखी दोन युक्त्या शोधाव्या लागल्या. पहिली अंदाजाची, दुसरी कानाच्या स्वभावाची.

अंदाजाची युक्ती समजण्यास सोपी आहे. विलंबित ख्यालात गायक षड्जावर स्थिरावला असेल, तर पुढच्या क्षणी सूर कोठे असेल हे जाणकार श्रोता बरेचसे सांगू शकतो. ध्वनिलहरीचेही तसेच आहे. मागील काही मापनांवरून पुढचे मापन बांधता येते. मग पूर्ण मापन पाठवण्याऐवजी अंदाज किती चुकला तेवढेच पाठवले तरी पुरते, कारण हाच अंदाज पलीकडचे यंत्रही बांधू शकते. या विचाराला भक्कम गणिती रूप देणाऱ्यांत एक नाव आपल्या देशाचे आहे. बिष्णु अटल यांचा जन्म १९३३ साली कानपूर येथे झाला. लखनौ विद्यापीठ आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे शिकून ते अमेरिकेस गेले व १९६१ पासून बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मानफ्रेड श्रोडर यांच्यासह मानवी वाणीसाठी ही अंदाजपद्धती सिद्ध केली. जपानमध्ये फुमितादा इताकुरा त्याच सुमारास त्याच दिशेने जात होते. १९८५ साली अटल व श्रोडर यांनी मांडलेल्या पद्धतीच्या वंशातील तंत्रांवर आज जगातील असंख्य मोबाइल संभाषणे चालतात. बेल प्रयोगशाळेतच १९७३ साली कमिस्की, निकिल जयंत आणि फ्लॅनगन यांनी, चुकीचे माप लिहिण्याची मोजपट्टी ध्वनीप्रमाणे आपोआप लहानमोठी करण्याची रीत दाखवली. यांतील जयंत हेही भारतीय विज्ञान संस्थेचेच विद्यार्थी.

पुढे ऐंशीच्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्मिथ यांनी या घराण्यातील तत्त्वे वापरून संगीतासाठी ‘ॲप्टएक्स’ हे तंत्र उभारले. ते ध्वनीचे चार पट्टे पाडते आणि सोळा बिटांचे काम सरासरी चार बिटांत भागवते. आधी ते आकाशवाणीसारख्या प्रसारणसंस्थांच्या व स्टुडिओंच्या कामी आले, आणि पुढे बिनतारी इअरफोनांत शिरले. आज अनेक फोनांच्या खोक्यांवर हे नाव छापलेले असते.

दुसरी युक्ती कानाच्या स्वभावाची. दशाश्वमेध घाटावर सायंआरतीच्या घंटा वाजत असताना शेजारी कोणी कुजबुजले तर ऐकू येत नाही. ती कुजबुज हवेत असते, कानाच्या पडद्यावरही पोचते. परंतु मोठा आवाज तिला झाकून टाकतो. या गुणाला आच्छादन म्हणता येईल. विशेष असे, की एखादा मोठा सूर मुख्यतः आपल्या आसपासच्या सुरांना झाकतो, दूरच्या सुरांना कमी. कान ध्वनीचे अनेक पट्टे पाडून ऐकतो, हे बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर यांच्या १९३० ते १९४० च्या दरम्यानच्या संशोधनातून स्पष्ट झाले. संक्षेप करताना ध्वनीत थोडी खरखर शिरणे अटळ असते. ती मोठ्या सुराच्या सावलीत लपवली तर कानाला कळत नाही, हा विचार अटल आणि श्रोडर यांनी १९७९ साली वाणीच्या बाबतीत मांडला. जर्मनीत एर्लांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार संगीताच्या बाबतीत पूर्णत्वास नेला. त्यातून ‘एमपी-थ्री’ जन्माला आले, आणि सीडीच्या ध्वनीचे ओझे दहा-अकरा पटींनी कमी झाले.

आता या दोन्ही युक्त्या हवेत कशा उतरल्या ते पाहू. ब्लूटूथचे काम १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले. १९९८ साली पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याची संघटना स्थापन केली आणि दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे टोपणनाव या तंत्राला मिळाले. २००३ साली संगीत वाहून नेण्याची नियमावली ठरली, आणि तिच्यात ‘एसबीसी’ हे संक्षेपतंत्र प्रत्येक यंत्रात असलेच पाहिजे असा दंडक घातला गेला. हे तंत्र साधे. ध्वनीचे आठ पट्टे करून ज्या पट्ट्यात काही महत्त्वाचे चालले आहे त्याला अधिक बिट देणारे. उत्तम प्रतीसाठी त्याला सेकंदाला सुमारे ३,२८,००० बिट लागतात, म्हणजे मुळाच्या पावपटीहून थोडे कमी. २०१५ साली सोनी कंपनीने ‘एलडॅक’ आणले. त्याची सर्वांत वरची पायरी ९,९०,००० बिटांची आहे. २०२१ साली क्वालकॉमने, परिस्थिती अनुकूल असल्यास सीडीचा ध्वनी हानिरहित पोचवणारा ॲप्टएक्सचा प्रकार जाहीर केला. ‘परिस्थिती अनुकूल असल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्याच पट्ट्यात घरातले वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात, आणि माणसाचे शरीरही त्या लहरी शोषून घेते. गर्दीत इअरफोन अडखळतो तो त्यामुळे.

२०२० साली जाहीर झालेले ‘एलसी-थ्री’ हे तंत्र वेगळ्या वाटेने गेले. फ्राउनहोफर संस्था आणि एरिक्सन यांनी ते घडवले. एसबीसीच्या निम्म्या ओझ्यातही ते अधिक चांगला ध्वनी देते, असे ब्लूटूथ संघटनेने श्रवणचाचण्यांच्या आधारे सांगितले आहे. ओझे न वाढवता गुणवत्ता वाढली. कारण मधल्या काळात कानाविषयीचे ज्ञान अधिक बारकाईने वापरता येऊ लागले.

मित्रहो, येथे मी माझ्या मुद्द्याकडे येतो. ‘कानाला कळत नाही ते गाळावे’ असे म्हणताना प्रश्न उरतो : कोणाच्या कानाला? ब्रांडेनबुर्ग यांच्या कामातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वाद्यवृंद उत्तम वाजवणारे त्यांचे तंत्र सुझान व्हेगा या गायिकेच्या, कोणत्याही वाद्याची साथ नसलेल्या, ‘टॉम्स डायनर’ या गाण्यात उघडे पडले. तो एकटा आवाज विद्रूप होऊ लागला. तो नीट होईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त्या केल्या. म्हणजे परीक्षेला जे गाणे ठेवले, त्या गाण्याने तंत्र घडवले. युरोपीय प्रसारण संघाने १९८८ साली ध्वनिपरीक्षेसाठी एक तबकडी काढली, आणि ती जगभर वापरली गेली. तीत व्हायोलिन आहे, हार्पसिकॉर्ड आहे, कॅस्टनेट आहे. बोलणे इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषांतले आहे. तंबोरा नाही, तबला नाही, सनई नाही आणि मराठीही नाही. ज्यांनी ती केली त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या घरातले सूर परीक्षेला ठेवले. आपल्या घरातले आपण ठेवले का, हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

आपले सूर या तंत्रांना खरोखर अवघड आहेत. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा व तंबोरा यांवर निबंध लिहिला. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित गोलाईच्या घोडीमुळे आणि तारेखालच्या सुतामुळे उपस्वरांची अशी भरगच्च मालिका उठते, की जी एरवीच्या छेडलेल्या तारेत उठू नये, हे त्यांनी दाखवले. हीच ती जवारी. मिरजेचे कारागीर जी कानाने लावतात. तिचे सौंदर्य वरच्या, क्षीण उपस्वरांत आहे, आणि संक्षेपतंत्राची कात्री प्रथम तेथेच चालते. शिवाय निर्भेळ सूर खरखरीला तितकासा झाकत नाही; खरखरच सुराला अधिक चांगले झाकते. म्हणून तंबोऱ्यामागे लपायला जागा थोडी. तबल्याची अडचण वेगळी. अनेक तंत्रे ध्वनीचे लहान लहान तुकडे करून काम करतात. एमपी-थ्रीचा तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. तुकड्याच्या मध्यावर थाप पडली तर तिची खरखर आधीच्या शांततेत पसरते, आणि थाप पडण्यापूर्वीच तिचा फुसकारा ऐकू येतो. यावर उपाय शोधले गेले आहेत, पण ते कॅस्टनेट समोर ठेवून. बनारस बाजाच्या खुल्या, दमदार बोलांवर ते कसे चालतात, हे तो बाज ऐकलेल्या कानालाच ठरवता येईल.

आपल्या भाषेचेही तसेच आहे. ‘चार’ मधला च तालव्य आणि ‘चारा’ मधला च दंत्य. लिपी एकच, फरक फक्त उच्चारात, आणि तो ध्वनीच्या वरच्या पट्ट्यात. जुन्या दूरध्वनीवर ३,४०० हर्ट्झच्या वरचे सारे कापले जाई, त्यामुळे हा फरक पुसट होई. आजही अनेक बिनतारी इअरफोनांचा मायक्रोफोन सुरू होताच आवाज एकाएकी दबका होतो, कारण ऐकणे व बोलणे दोन्ही सांभाळण्यासाठी यंत्र अधिक अरुंद वाटेवर उतरते. मुले घरून वर्गाला बसतात तेव्हा पालकांनी इअरफोनऐवजी संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन वापरून पाहावा. पुष्कळदा फरक लगेच जाणवतो. शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या शाळेत तरी हा फरक क्षुल्लक मानू नये.

संगीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. संक्षेप करणे, तुकडे साठवणे, उलगडणे यांत वेळ जातो. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनांत हा विलंब दीडशे-दोनशे मिलिसेकंद असणे सामान्य आहे. हवेत ध्वनी दोनशे मिलिसेकंदांत सुमारे सत्तर मीटर जातो. म्हणजे तबलजी सत्तर मीटर दूर बसल्यासारखे होते! मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. बहुतेक सगळी मात्रा विलंबातच संपते. नुसते ऐकण्यास हरकत नाही, पण रियाजाला तारेचाच इअरफोन घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची विनंती. संक्षेप हा प्रवासाचा वेष आहे. घरी ठेवायची वस्तू ती नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेट पडून आहेत. कोणाकडे आजोबांचे कीर्तन, कोणाकडे आजीच्या ओव्या, कोणाकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाट्यपदे. काशीतल्या मराठी घरांतूनही मी हेच पाहतो. गंगेकाठच्या दमट हवेत या फिती बुरसतात, आणि कोणी त्यांचे ध्वनिमुद्रण केलेच तर ते फोनवरून एकमेकांना पाठवण्यापुरते. अशा प्रत्येक संक्षेपात काही गळते. त्या गाळलेल्यावर पुन्हा संक्षेप झाला की आणखी गळते; प्रतीची प्रत काढताना अक्षरे पुसट होत जावीत तसे. शेवटी आजीच्या आवाजातला कंप जातो आणि शब्द तेवढे उरतात. यंत्राच्या दृष्टीने तो कंप अनावश्यक असेल. आपल्या दृष्टीने तोच तर आवाज असतो. म्हणून पहिली नोंद हानिरहित प्रकारात करावी, निदान दोन ठिकाणी जपून ठेवावी, वर कोणाचा आवाज, केव्हाचा, कोठला हे लिहावे. मग पाठवण्यासाठी हवी तितकी लहान प्रत काढावी. हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेने माजी विद्यार्थ्यांकडील असे ध्वनी एकत्र केले, तर पुढच्या पिढीला तो या स्मरणिकेइतकाच मोलाचा ठेवा होईल. आणि त्यातूनच ओवी, पोवाडा, तंबोरा, तबला, तालव्य-दंत्य च यांची आपली परीक्षातबकडीही तयार होऊ शकेल.

ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांसाठी एक आशेची बातमी आहे. वयोमानाप्रमाणे कानाचा वरचा पट्टा आधी मंदावतो, आणि सभागृहात बोलणे ऐकू येते पण समजत नाही. २०२२ साली पूर्ण झालेल्या ब्लूटूथच्या नव्या नियमावलीत श्रवणयंत्रांचा मुळापासून विचार आहे. तिच्यातील ‘ऑराकास्ट’ या सोयीने व्यासपीठावरचा आवाज एकाच वेळी कितीही श्रोत्यांच्या श्रवणयंत्रांत वा इअरफोनांत थेट पोचवता येतो. शाळेच्या सभागृहाचे नूतनीकरण होईल तेव्हा या सोयीचा विचार जरूर व्हावा. आणि तरुण पालकांना एवढेच सांगतो, की प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर आवाज ८० डेसिबलपर्यंतच असावा, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. फोन नवा घेता येतो. कान नवा मिळत नाही.

अर्धी मात्रा वाचल्याचा आनंद नागेशभट्टांसारख्यांना शोभला, कारण उरलेल्या प्रत्येक मात्रेचे मोल त्यांना ठाऊक होते. ध्वनीचा संक्षेप करणारे पुढचे शास्त्रज्ञ याच बाकांवरून उठून जावेत, आणि त्यांनी गणिताबरोबर तंबोराही ऐकलेला असावा, एवढी शुभेच्छा व्यक्त करतो. आपल्या शाळेच्या पुढील वाटचालीस माझे विनम्र अभिवादन.